पाणी चार दिवसांनी येतं, पोट मात्र रोज बिघडतं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं पाण्याचीच आहेत. पहिला वळीव पडला की सोलापुरात हे ठरलेलंच असतं म्हणा, गटारी तुंबतात, पाठोपाठ गल्लीबोळातल्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांची रांग लागते. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे पाणी चौथ्या नाहीतर पाचव्या दिवशी येतं. पहिली दहा मिनिटं गढूळ, कधी चक्क ड्रेनेजचा वास, मग हळूहळू स्वच्छ येतं. मागे घरातल्या तिघांना एकदम जुलाब झाले. तक्रार केली तर म्हणतात प्लँटवरचं पाणी टेस्ट केलेलं आहे, ओके आहे. मग खोटं कोण बोलतंय? — एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, कुणीच खोटं बोलत नाही, गंमत तीच आहे. पाकणी किंवा सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी निघतं तेव्हा ते तुरटी घालून, गाळून, क्लोरिन देऊन निघालेलं असतं. बिघडतं ते तिथून तुमच्या तोटीपर्यंत येताना, आणि त्याहून जास्त तुमच्या तोटीपासून ग्लासापर्यंत.

नळाला चोवीस तास पाणी असतं तेव्हा पाइप आतून दाबाखाली असतो, म्हणजे कुठं फट असली तर पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत शिरत नाही. आपल्याकडं चावीवाला व्हॉल्व्ह बंद करून गेला की पुढचे तीन-चार दिवस तो पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप बाहेरचं ओढून घेतो. आता तुमच्या गल्लीत जरा वाकून बघा, घरोघरी नळ कनेक्शन घेताना अर्ध्या इंची पाइप सरळ उघड्या गटारीतून नाहीतर ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून नेलेला असतो, जोडाला सुतळी नाहीतर सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते, वर गटारीचं काळं पाणी. चार दिवस तो जोड त्या पाण्यात बुडून असतो. पाचव्या दिवशी पाणी सुटलं की आत मुरलेलं सगळं पहिल्या लोटाला तुमच्या घागरीत.

त्यात भर मोटारीची. नळाला डायरेक्ट मोटर लावली की ती नुसतं पाणी ओढत नाही, फटीतून बाहेरची घाणही ओढते, आणि शेजारच्याचा दाब घालवते म्हणून शेजारीही मोटर लावतो, मग पूर्ण गल्ली एकमेकांच्या घरात गटार ओढत बसते. हे माझ्या पेशंटना सांगितलं की सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन मोटर सुरू करतात, कारण मोटर नाही लावली तर पाणीच चढत नाही. खरंय ते पण. निदान एवढं करा, आधी नळ सोडून पाणी जमिनीलगतच्या हौदात आपसूक पडू द्या आणि मग हौदातून वर टाकीत मोटरनं चढवा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं येणारं पाणी वेगळ्या बादल्यांत धरा, संडासला, फरशीला, गाडी धुवायला वापरा. फेकून द्या असं मी सोलापुरात कुणालाच सांगणार नाही. वास गेला, पाणी नितळ झालं की मग प्यायचं भरा. आणि नितळ दिसतंय म्हणून तसंच पिऊ नका, चांगलं खळखळून उकळू द्या, बुडबुडे जोरात यायला लागल्यावर एक मिनिट ठेवलं तरी बास, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

अजून एक, तुमच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का हे बघता येतं. ओटी टेस्ट म्हणतात, औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक पाहिजे, साथ असेल तेव्हा ०.५. पिवळं झालंच नाही तर समजा वाटेत काहीतरी घाण मिसळलीय आणि क्लोरिन तिच्याशी भांडण्यात संपलाय. नुसतं 'पाणी खराब येतंय' अशी तक्रार करण्यापेक्षा 'अमुक तारखेला, अमुक वाजता, आमच्या गल्लीतल्या चार घरांत ओटी निगेटिव्ह आली' असं लिहून द्या, चौघांच्या सह्या घ्या. असा कागद टाळणं अवघड जातं.

प्रश्न : आम्ही बिड्या वळणाऱ्या बायका, घरकुलात राहतो. नळाचं पाणी नको म्हणून सगळ्यांनी वीस लिटरचा थंड जार लावलाय. तरी पोरांची पोटं बिघडतात. जारचं पाणी तर फिल्टरचं असतंय ना? — एक वाचक, कुंभारी

उत्तर : अक्का, थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं धरून चालू नका. दुकानात सीलबंद बाटली मिळते तिच्यावर बॅच नंबर, तारीख असते. तुमच्या दारात टेम्पोतून येणाऱ्या त्या निळ्या-हिरव्या थर्मासच्या जारवर यातलं काय आहे ते एकदा फिरवून बघा. बहुतेकांवर नुसतं नाव आणि मोबाईल नंबर असतो. कुठल्यातरी बोअरचं पाणी आरओमधून काढलं, चिलरमध्ये गार केलं, जारमध्ये भरलं. जार आतून कधी घासला, कशानं घासला, हे विचारायला कोण जातंय.

आणि आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरिन राहत नाही, म्हणजे पुढं कुणाचा घाणेरडा हात लागला किंवा जारच्या तोटीत शेवाळ असलं तर जंतूंना अडवणारं त्यात काहीच नसतं. नळाच्या पाण्यात निदान थोडा क्लोरिन असतो, म्हणजे राखण असते. जारवाल्याला विचारा टेस्ट रिपोर्ट कधीचा आहे म्हणून. तो जर 'आमचं पाणी सगळे पितात की' एवढंच म्हणाला तर दुसरा बघा, नाहीतर तोच खर्च गॅसवर घाला आणि उकळून प्या.

तुमच्याबाबतीत अजून एक सांगायचंय. दिवसभर तंबाखूत हात असतात, त्याच हातानं ग्लास जारमध्ये बुडवून पाणी काढणं बंद करा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, ते बाजूच्या खिळ्याला टांगा, जारवर पालथं टाकू नका, आणि पोरांना सक्त ताकीद, हात आत घालायचा नाही. तोटीचं पिंप मिळालं तर उत्तमच. जेवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर साबणानं हात, तंबाखूसाठी पण आणि जंतूंसाठी पण. साबण महाग पडतो म्हणाल तर कपड्याच्या वडीचा तुकडा चालतो, सुगंधी पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : घरी एक सेल्समन आला, त्यानं मीटर बुडवून टीडीएस ४१० दाखवला, मग आमच्या पाण्यात तारा घालून करंट दिला तर पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. त्याच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. बायको घाबरलीय. अठरा हजारांचा आरओ घ्यावा का? शिवाय आमच्या पाण्यात क्षार फार, मुतखड्याची भीती वाटते. — निवृत्त शिक्षक, होटगी रोड

उत्तर : सर, तुम्ही शिक्षक, पण तो प्रयोग तुमच्यावर चालला याचं मला जरा हसू आलं, रागावू नका. त्या तारांपैकी लोखंडाची तार करंटमध्ये विरघळते, तो तपकिरी गाळ तुमच्या पाण्यातला नाही, तारेचा गंज आहे. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते आणि गंज सुटतो, आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज वाहत नाही. पुढच्या वेळी त्याला त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच खेळ करायला सांगा. मीठ तर आपण रोज खातो की.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्यात कॉलरा, टायफॉइड, काविळीचे जंतू मोजले जात नाहीत. टीडीएस १०० असलेलं पाणी गटारानं भरलेलं असू शकतं आणि टीडीएस ८०० वालं जंतूंच्या बाबतीत एकदम निर्धोक असू शकतं. मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं ४१०. तुम्हाला आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये हेच म्हटलं होतं, टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओ नको म्हणून, कारण ते मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ही चैन कुणाला परवडणार सांगा. जंतूंसाठी साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणारा) फिल्टर पुरतो, फक्त यूव्हीत गढूळ पाणी घालू नका, गाळाच्या आडोशाला जंतू वाचतात.

बोअरचंच पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टीडीएसवर थांबू नका, फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, फार तर १.५, त्यावर वर्षानुवर्षं प्यायलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढं हाडं आखडतात. नायट्रेट ४५ च्या आत, जास्त असलं तर बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्रास होतो. आणि हे लक्षात ठेवा की नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. अशा ठिकाणी आरओचा उपयोग खराच आहे.

मुतखड्याचं म्हणाल तर नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तसा किडनीत बसतो असं लोकांना वाटतं, पण तसं सरळ गणित नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत दिवसभर दोन ग्लास पाणी पिऊन राहिलं की लघवी घट्ट होते, खडे होण्याचं मोठं कारण ते. क्षाराचं का असेना, भरपूर प्या.

प्रश्न : माझं बाळ दहा महिन्यांचं आहे. जुलाब लागले की सासूबाई म्हणतात दूध-पाणी बंद कर, पोटाला आराम दे. मेडिकलवाल्यानं ओआरएसचा टेट्रापॅक दिला, ऑरेंज फ्लेव्हरचा. तो देऊ का? — एक आई, अक्कलकोट रोड

उत्तर : काहीही बंद करू नका. अंगावरचं दूध चालू, वरणाचं पाणी, मऊ भात, पेज चालू. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, आराम पोटाला नको, पोरगं वाळत चाललंय त्याला पाणी पाहिजे. जुलाबानं मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळं.

या साध्या गोष्टीसाठी एका बंगाली डॉक्टरांचं नाव घ्यायला पाहिजे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रममध्ये भरलं आणि नातेवाइकांनाच कप कप पाजायला लावलं. छावणीतलं मरणाचं प्रमाण शंभरात तीसवरून तीन-चारवर आलं. ते २०२२ मध्ये गेले, सरकारनं पद्मविभूषण दिलं ते गेल्यानंतर. असो.

टेट्रापॅकबद्दल. फळांच्या चवीच्या त्या ड्रिंकमध्ये साखर खूप जास्त आणि मीठ कमी असतं, जुलाबात जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणजे जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षं हा विषय लावून धरला आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या ड्रिंकवर ओआरएस शब्द छापायला मनाई केली. तुम्हाला पाहिजे ती पावडरची पुडी, जिच्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात, आशाताईकडं फुकट मिळते.

पुडीच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ होतो तो मापाचा. साधारण २१ ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, चार ग्रॅमची छोटी पुडी २०० मिलीसाठी. बायका मोठी पुडी एका ग्लासात घालतात आणि 'कडक' करून देतात. त्यानं अंगात मीठ जास्त होऊन बाळ अजून आजारी पडतं. किंवा अर्धी पुडी आता, अर्धी संध्याकाळी, तेही नको, कारण पुडीत साखर-मीठ सारखं मिसळलेलं नसतं. एक लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, पूर्ण पुडी घाला, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. तुमच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्यानं, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमचा चमचा. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, शिगोशीग भरायचा नाही. जोडीला झिंक, सहा महिन्यांपुढच्या बाळाला २० मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि सगळ्या आया झिंक बंद करतात, तसं करू नका.

डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसायला लागली, बाळ मलूल पडलं, सहा तासांत लघवी नाही, शीमध्ये रक्त दिसलं, की माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि थेट सिव्हिलला.

प्रश्न : आमच्या घरी हौद झाकलेला, पाणी एकदम क्लीन, तरी दोन वर्षांत दोनदा डेंग्यू. गटार तर आमच्या घरापासून लांब आहे. — यंत्रमाग कामगार, अशोक चौक

उत्तर : अण्णा, डेंग्यूच्या डासाला गटार नकोच असतं, त्याला तुमच्या हौदासारखं स्वच्छ साठवलेलं पाणीच आवडतं. पाणी रोज आलं असतं तर कुणी एवढी पिंपं भरून ठेवली नसती, म्हणजे तुमच्या डेंग्यूचं मूळ परत पाण्याच्या रोटेशनपाशीच येतं.

त्या डासाची मादी पाण्याच्या काठाला, पिंपाच्या आतल्या भिंतीला काळी बारीक अंडी चिकटवते. पाणी संपलं, पिंप कोरडं पडलं तरी अंडी कित्येक महिने तशीच तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून परत भरलं तर काही उपयोग नाही, आतून काथ्यानं नाहीतर ब्रशनं खसाखसा घासायला लागतं. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस जातात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस सांगतात. आता तुम्ही म्हणाल पाणी पाच दिवसांनी येणार, मी पिंप रिकामं करून कोरडा दिवस पाळू कसा, तर पाणी यायच्या आदल्या रात्री पिंपं आपोआप तळाला गेलेली असतातच, तेव्हाच घासा, तळातलं पाणी झाडांना घाला. सगळी एकदम नको, या वेळी दोन, पुढच्या वेळी दोन. हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा, मलेरिया विभागाकडं मिळतात. झाकणाला फट असेल तर जुनी सुती साडी दुहेरी करून बांधा. कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि गच्चीवरचे टायर बघायचं विसरू नका, माग बंद असलेल्या शेडमधल्या बादल्या पण.

हा डास दिवसा चावतो, रात्रीची मच्छरदाणी त्याला पुरत नाही, दुपारी झोपलेल्या लेकरांवर पण टाका.

प्रश्न : मी नवीनच ग्रामपंचायत सदस्य झालोय. आमच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात पण लोक म्हणतात वास येतो म्हणून टाकू नका. कधी कधी शिपाई टाकतच नाही. आणि संडासचा खड्डा बोअरपासून किती लांब पाहिजे? — दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : अभिनंदन, आणि पहिल्याच महिन्यात रस्त्याऐवजी टाकी आठवली याबद्दल जास्त अभिनंदन.

टीसीएलची गोणी कुठं ठेवलीय ते आधी बघा. मी ज्या टाक्या पाहिल्यात तिथं बहुतेक ठिकाणी गोणी टाकीखाली, तोंड उघडं, ओल लागलेली, गठ्ठे झालेले. पावडरीतला क्लोरिन उडून जातो, चांगल्या पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरिन असतो आणि असल्या गोणीत नुसता चुना उरतो. मग शिपाई वेळेवर टाकतो, रजिस्टरवर सह्या पण बरोबर, आणि गावात गॅस्ट्रो. गोणी कोरड्या जागी, तोंड बांधून, मोठा साठा न करता. ढोबळ माप १००० लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास, पण अंतिम शब्द ओटी टेस्टचा, पावडर जुनी असली तर जास्त लागणार. पावडर तशीच टाकीत भिरकावायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत टाकायचं, आणि निदान अर्धा तास थांबून मग गावाला पाणी सोडायचं. हा अर्धा तास कुणी थांबत नाही, सकाळी सहाला पाणी सुटलं पाहिजे म्हणून पावणेसहाला पावडर पडते.

वासाचं लोकांना सांगा की हलका वास म्हणजे पाणी राखलेलं आहे, घरी तासभर उघड्या भांड्यात ठेवलं की जातो. टेस्ट टाकीपाशी नको, गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळावर घ्या, तो बहुतेक वस्तीवर नाहीतर वेशीबाहेर असतो आणि तिथंच कुणी जात नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं असतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा, किट कपाटात कुलूपबंद असेल तर बाहेर काढा.

खड्डा निदान दहा मीटर लांब ठेवा, आणि बोअर उतारावर वरच्या अंगाला, खड्डा खालच्या. मुरुमात, भेगाळ खडकात पाणी वाटेल तिकडं पळतं, तिथं दहाचं पंधरा-वीस झालं तर चांगलंच. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक भरला की दुसरा चालू, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत वास नसलेलं कोरडं खत होतं, शेतात जातं. सेप्टिक टँक असेल तर मात्र माणूस आत उतरवायचा नाही, कसलाही भाव केला तरी नाही. आतल्या वायूनं माणूस दुसऱ्या श्वासाला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं असा माणूस उतरवणं गुन्हा आहे, उपसा गाडीनंच करायचा.

प्रश्न : आषाढीला पंढरपूरला चंद्रभागेचं तीर्थ घेतलं तर चालतं का? आई ऐकत नाही. — वारकरी कुटुंब, बाळे

उत्तर : आईंना श्रद्धेवर व्याख्यान देऊ नका, उपयोग नाही. तीर्थ डोळ्याला लावा, कपाळाला लावा, तोंडात नको. इंग्रजांच्या काळात पंढरीच्या वारीतून कॉलरा गावोगाव जायचा, आताही वाळवंटात लाखो माणसं आणि वरून पुण्याकडचं सगळं वाहून आणणारी भीमा. वाटेत पाणी टँकरचं असेल तर मेडिक्लोरचे (क्लोरिनच्या औषधाचे) थेंब जवळ ठेवा, बाटलीवर लिहिलंय त्या मापानं टाकून अर्धा तास थांबा. आणि आई जाऊन आली की घरच्या गरोदर सुनेच्या ताटात लगेच वाढायला बसवू नका, आधी हात. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार वाईट, अशा बायकांत शंभरातल्या वीस-पंचवीस दगावू शकतात. हे सांगितलं तर आई ऐकतील.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. शाळेतल्या मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं नाहीतर पाणी नसतं. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाही. आता लघवीला जळजळ होते. घरी सांगायला लाज वाटते. — एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, तू पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस, आणि तुझ्यासारख्या निदान अर्धा डझन पोरी मी दर महिन्याला बघते, तेव्हा लाजायचं काही कारणच नाही. जळजळ म्हणजे लघवीच्या वाटेला जंतू लागलेत. लघवी कोंडून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं की ते वाढतात. आजच आईला सांग, हे कात्रण तिच्या हातात दिलंस तरी चालेल, आणि डॉक्टरकडं लघवी तपासून औषध घे, मैत्रिणीनं दिलेल्या गोळ्या नको. ताप, थंडी, कंबर दुखायला लागली तर त्याच दिवशी जायचं.

आता तुझ्या आईसाठी. ताई, एकट्यानं जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं तर 'बघतो' म्हणतील. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांना गाठा, चार-पाच मुलींच्या आया मिळून जा आणि तीनच गोष्टी मागा. मधल्या सुट्टीत कुलूप उघडं, आत पाण्याची बादली आणि मग्गा, आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा. मोठ्या कामाचं आश्वासन घेऊन परत येऊ नका, पुढच्या सोमवारी किल्ली कुणाकडं असणार ते नाव विचारूनच उठा. शिक्षकांच्या टॉयलेटमध्ये पाणी असेल आणि मुलींच्या नसेल तर तेही तिथंच बोला.

प्रश्न : तांब्याच्या कळशीत रात्रभर पाणी ठेवलं की उकळायची गरज नाही असं व्हॉट्सॲपवर आलंय. आणि तुरटी फिरवली तर? — कन्ना चौक

उत्तर : तांब्यात तेवढे तास पाणी राहिलं की बरेच जंतू मरतात, हे प्रयोगांत दिसलंय. पण ते आतून घासलेल्या कळशीत आणि नितळ पाण्यात, ड्रेनेज मिसळलेल्या पाण्याला त्याचा भरवसा धरू नका. तुरटीनं गाळ खाली बसतो, गाळाबरोबर काही जंतू पण, उरलेले वरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच राहतात. तेव्हा तुरटी फिरवा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढा, उकळा, गार करा आणि मग हौस म्हणून तांब्याच्या कळशीत ठेवा. फक्त लिंबूपाणी किंवा ताक त्यात ठेवू नका, आंबटानं तांबं उतरतं आणि मळमळ होते. आतला हिरवा डाग दिसला की चिंच-मीठ लावून घासायची, त्या दिवशीचं पहिलं पाणी झाडाला.